सेठीजींचं दाढीचं दुकान आणि मंगळवारची ड्यूटी

ड्रॉवरमध्ये वापरलेली ब्लेडं साठतात तसे किस्से साठतात. टाकून देववत नाहीत, आणि कुणाला द्यायला जावं तर घेणारा दचकतो! माझ्याकडचे बरेचसे किस्से एकाच दुकानातले आहेत. म्हटलं, आज ड्रॉवर रिकामा करू.

आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. मी आणि देशपांडे, दोघंही दोन वेगळ्या मंत्रालयांत फाइली इकडून तिकडे करतो. तिसरे सुभेदार जाधव. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर होऊन लेकीच्या क्वार्टरमध्ये राहायला आलेले, देशपांडेच्या बरोबर खाली. तिघांचं देवस्थान मात्र एक, सरोजिनी नगर मार्केटच्या मागच्या गल्लीतलं सेठीजींचं दाढीचं दुकान.

दाढीचं म्हणजे फक्त दाढीचं. ब्रश, साबण, रेझर, ब्लेड, तुरटी, बस्स. एकदा मी शांपू मागितला. सेठीजी म्हणाले, "कान के ऊपर का काम मेरा नहीं है, बाऊजी!"

नवीन गिऱ्हाईक आलं की सेठीजी आधी काउंटरवरून हात पुढे करतात आणि बोटांच्या मागच्या बाजूनं त्याचा गाल चाचपतात. ताप बघावा तसं. मगच माल काढतात. पहिल्या खेपेला मी दोन पावलं मागे सरकलो होतो. दिल्लीत परक्या माणसाचा हात गालापर्यंत आला की पुढे काय होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं!

*

एकदा कॉलेजातला एक पोरगा ऐटीत आत आला. "अंकल, सबसे बढ़िया रेज़र दिखाओ. पैसे की टेन्शन मत लेना."

सेठीजींनी गाल चाचपला. पुन्हा एकदा चाचपला. मग अगदी प्रेमानं म्हणाले, "बेटा, तुझे रेज़र नहीं चाहिए. छह महीने चाहिए."

पोरगा गोरामोरा होऊन निघून गेला. मी म्हटलं, "सेठीजी, अब ये घर जाके ऑनलाइन मँगवाएगा."

"मँगवा ले. वहाँ गाल कौन देखता है?"

मजा म्हणजे तो पोरगा सहा महिन्यांनी खरंच परत आला. आत आला आणि थेट गाल पुढे केला!

*

आता देशपांडे. हा माणूस दुकानात उभा राहून, सेठीजींच्या समोर, मोबाइलवर त्याच वस्तूची किंमत बघतो. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्याला काही नाही. वर सेठीजींनाच विचारतो, "ये वेबसाइटवाले ठीक हैं क्या?"

असाच त्यानं एक भारीतला ब्रश ऑनलाइन मागवला. चौथ्या दिवशी ब्रशचे केस गळायला लागले. दाढी झाल्यावर गाल पूर्वीपेक्षा केसाळ! कंपनीला फोन केला तर 'एक दाबा, दोन दाबा' करता करता त्याच्याच अंगठ्याला कळ लागली. शेवटी ब्रश घेऊन गेला कुठे? सेठीजींकडे!

सेठीजींनी ब्रश हुंगला. "उबलते पानी में डालते हो ना?"

"और क्या? जर्म्स मरने चाहिए ना?"

"जर्म्स का पता नहीं, ब्रश मर गया."

तरी त्यांनी तो ब्रश दोन दिवस ठेवून घेतला, मुळाशी घट्ट बांधला, डिंक भरला आणि चालता करून दिला. एक पैसा घेतला नाही. देशपांडे गहिवरला. घरी गेला आणि त्या वेबसाइटला पाच स्टार दिले. खाली लिहिलं, 'आफ्टर सेल्स सर्व्हिस उत्तम!'

*

पण ऑनलाइनला सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. आमच्याच घरी आठवड्याला तीन खोके येतात, मी कुठल्या तोंडानं बोलू?

आणि सगळ्यांना सरोजिनी कुठे जवळ आहे? आमच्या ओळखीचा कदम मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात आहे. पहाटे कंपनीची बस धरायची, परत येईपर्यंत दुकानांची शटर खाली. रविवारी तो फक्त झोपतो. त्याच्या मानेवर दाढीनंतर पुरळ यायचं. मी त्याला सेठीजींचा नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर सेठीजी चष्मा कपाळावर चढवून फोनवर कदमच्या मानेचा फोटो बघत होते. "रेज़र ठीक है, तू दबाता बहुत है," असं बराच वेळ समजावलं. मग म्हणाले, "अब मोबाइल पे वो साबुन ढूँढ. मिला? नहीं, वो नहीं, उसके नीचे वाला. हाँ. अब दबा दे."

म्हणजे स्वतःच्या दुकानात बसून गिऱ्हाइकाला दुसऱ्याकडून माल घेऊन देत होते! नेमका तेव्हा त्यांचा मुलगा विनीत तिथे आला होता. तो गुडगावात एका ऑनलाइन कंपनीतच नोकरीला आहे. त्यानं कपाळावर हात मारला. "पापा, ये आप क्या कर रहे हो?"

सेठीजी म्हणाले, "उसकी गर्दन जल रही है, यार. मैं दुकान दिखाऊँ उसे?"

*

सेठीजींचे स्वतःच्या दाढीचे दोन नियम आहेत. एक, मंगळवारी दाढी नाही. मंगळवारी दिल्लीत न्हावीसुद्धा दुकान उघडत नाहीत. सोमवारी मार्केट बंद असतं, त्यामुळे मंगळवारी सेठीजी दुकान उघडून बसतात, पण गालावर पांढरे खुंट घेऊन.

दुसरा नियम जास्त कडक. आपला चेहरा कुणाच्या हातात द्यायचा नाही. लग्नात घोडीवर चढायच्या आधी न्हाव्यानं नवऱ्या मुलाच्या गालाला वस्तरा लावायची त्यांच्या घरात रीत होती. सेठीजींनी न्हाव्याचा मान त्याला देऊन टाकला, वस्तरा काढून घेतला आणि स्वतः दाढी करायला बसले. बँड वाजून वाजून थकला, घोडी कंटाळली, पण नवरदेव हनुवटीच्या खाली पोचले नव्हते!

जाधवांनी विचारलं, "और भाभीजी ने कभी नहीं किया? प्यार से?"

"चालीस साल में गाल पे साबुन तक नहीं लगाने दिया, सूबेदार साहब. आदमी अपना मुँह किसी एक को देता है. मैंने अपने आप को दे रखा है."

*

मग एक दिवस विनीतनं विषय काढलाच. आम्ही तिघं दुकानात होतो, त्यानं आमची भीड ठेवली नाही. पापा, बंद करा आता. सगळं ऑनलाइन मिळतं. गुडगावला या, नातवंडांत राहा.

मुलगा वाईट नव्हता. काळजीनं बोलत होता आणि खोटं काहीच बोलत नव्हता, त्याचंच आम्हाला वाईट वाटलं.

सेठीजींनी काउंटर पुसून फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "पैकेट तो तेरा मोबाइल भी दे देता है. जिस दिन सुबह से शाम तक एक भी बंदा कुछ पूछने नहीं आया, उसी दिन शटर गिरा के आ जाऊँगा. ज़बान दी."

तेव्हापासून विनीत रोज दुकान बंद व्हायच्या वेळेला फोन करायचा. एकच प्रश्न, "पापा, आज किसी ने कुछ पूछा?"

*

आता सरकारी माणसं संकटात काय करतात? ड्यूटी चार्ट काढतात!

देशपांडेनं त्याच रात्री चार्ट बनवून ग्रुपवर टाकला. बुधवार-गुरुवार देशपांडे, शुक्रवार-शनिवार मी, मंगळवार सुभेदार जाधव. रविवारी सरोजिनीत इतकी झुंबड असते की प्रश्न आपोआप येतात. खाली टीप, 'सदर बाब सेठीजींच्या निदर्शनास येऊ नये.' शेवटी सही आणि हुद्दा!

प्रश्न शोधता शोधता आमचा जीव मेटाकुटीला आला. देशपांडेनं विचारलं, साबण आधी डाव्या गालाला लावावा की उजव्या? मी विचारलं, तुरटीला एक्स्पायरी असते का? सेठीजी प्रत्येक प्रश्नाला मन लावून उत्तर द्यायचे. तुरटीवर मला त्यांनी पाऊण तास दिला, आणि खरं सांगतो, मला ती माणसासारखी वाटायला लागली.

जाधवांचं काम फौजी. मंगळवारी संध्याकाळी बरोबर सहाला दुकानासमोर ताठ उभे. "सवाल! ब्लेड कितने दिन चलता है?"

"पाँच."

"ठीक है!" आणि मागे वळून घरी. दर मंगळवारी हाच प्रश्न, हेच उत्तर.

एका मंगळवारी सेठीजी म्हणाले, "छह."

जाधव जागच्या जागी थबकले. "पिछले हफ़्ते पाँच बोला था!"

"सवाल तो आप हर हफ़्ते पुराना लाते हो, जवाब मैंने नया दे दिया."

जाधव घरी येऊन आम्हाला म्हणाले, "गड्याला कळलंय वाटतं." देशपांडेनं चार्टवर लाल अक्षरात लिहिलं, 'अत्यंत गोपनीय'.

*

आणि मग जाधवांना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. हॉस्पिटलमधून घरी आले, पण आम्ही भेटायला गेलो तर जाधव वहिनी दारातच म्हणाल्या, "आत नका येऊ भावजी. दाढी वाढलीय म्हणून कुणाला सोडू नको म्हणत्यात."

चाळीस वर्षं पहाटे पाचला दाढी करणारा माणूस. न्हावी आणला तर भिंतीकडे तोंड फिरवलं. जावयानं हौसेनं ऑनलाइन ट्रिमर मागवला, दुसऱ्या दिवशी हजर! जाधवांनी डाव्या हातानं तो बाजूला सारला आणि झटक्यानंतरचं पहिलं अख्खं वाक्य बोलले, "हे… मेंढरं भादरायचं यंत्र."

हे सांगताना वहिनी हसता हसता रडल्या. जिना चढताना आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

चार्टवरचं त्यांचं नाव आम्ही खोडलं नाही. देशपांडे म्हणाला, "हात होत नाही रे." पहिल्या मंगळवारी मी जाऊन आलो, दुसऱ्या मंगळवारी देशपांडे. तिसऱ्या मंगळवारी मला वाटलं तो जाईल, त्याला वाटलं मी जाईन!

मेट्रोतून उतरता उतरता माझ्या लक्षात आलं. सात वाजून गेले होते. देशपांडेला फोन केला, तो म्हणाला, "तू गेला नाहीस?" आणि फोन तसाच टाकून धावत सुटला असावा. मी ऑटो केली. वाटेत प्रश्न शोधत होतो, एक सुचेल तर शपथ! ऑटोवाल्यालाच म्हटलं, "भैया, दाढ़ी के बारे में कुछ पूछना हो तो क्या पूछोगे?" त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि वेग वाढवला.

दुकानाच्या दारात देशपांडे उभा होता. धापा टाकत, तोंड उघडं. मी त्याच्या खांद्यावरून आत बघितलं.

काउंटरच्या आत जाधव वहिनी उभ्या होत्या. डोक्यावर पदर, चेहऱ्यावर घाम. त्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत होत्या, "आज मंगळवार है ना. सकाळपासून एकच बोल रहे हैं, ड्यूटी, ड्यूटी. बोले, सेठीजी को सवाल पूछके आव."

सेठीजी म्हणाले, "तो पूछो, भाभीजी."

वहिनींनी पदर सावरला. "दुसरे की दाढ़ी कैसे करते हैं? मेरे हाथ से करूँगी. पर मेरा हाथ काँपता है."

 सेठीजींनी स्टूल ओढलं आणि बसले. टॉवेल गळ्याभोवती घेतला. ब्रश भिजवला, साबणावर फिरवला, मंगळवारच्या त्या पांढऱ्या खुंटांवर फेस केला आणि रेझर वहिनींच्या हातात दिला.

"बायाँ गाल. दूसरे हाथ से चमड़ी खींचो. ऊपर से नीचे. ज़ोर नहीं लगाना, वज़न रेज़र का अपना है."

वहिनींनी रेझर गालाला टेकवला. सेठीजींनी डोळे मिटले आणि मान वर केली. देशपांडेनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी वळ होते. एकदा रेझर फिरला. दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी हात थरथरायचा थांबला.

डावा गाल झाला. वहिनींनी बोटांच्या मागच्या बाजूनं तो चाचपून बघितला, आणि उजव्या गालाकडे वळल्या. सेठीजी टॉवेलनं उरलेला फेस पुसत उठले.

"दायाँ कल. बुधवार को."

"और उनकी?"

"सूबेदार साहब की भी आज आधी ही करना. कहना, सेठी की भी आधी बाकी है."

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. विनीत. सेठीजींनी एका हातानं शटरची सळई शोधत फोन कानाला लावला.

"हाँ बेटा, पूछा है. आधा जवाब दिया है. आधा कल दूँगा."