लाल कापडाखालची गाडी

साळ्याच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीची पूजा मी मोठ्या थाटात केली. फक्त ती गाडी त्याची नव्हती.

झालं असं, की शोरूममध्ये लाल कापडाखाली झाकलेल्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. मॅनेजर कागद आणायला आत गेलेला. साळा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, बाहेर फोनवर मोहन नगरला घरी आईशी बोलत होता. पूजेची थाळी घेऊन ही माझ्या बाजूला उभी. घरचा मोठा जावई म्हटल्यावर पुढाकार घेणं आलंच. मी जवळच्या गाडीचं कापड ओढलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि नारळ असा आपटला की पाणी समोरच्या काचेपर्यंत उडालं.

आवाज ऐकून मॅनेजर धावत आला. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, फरशी फुटली असावी. फरशी शाबूत होती. मी उघडी पाडलेली गाडी हे कंपनीचं नवं मॉडेल होतं, पुढच्या महिन्यात जाहीर व्हायचं. तोवर कोणाला दाखवायचं नव्हतं. साळ्याची गाडी पलीकडची.

तेवढ्यात साळा आत आला. त्याने नव्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मॅनेजरला एकच प्रश्न विचारला, ही किती चालते? मॅनेजर आधी घुटमळला, मग खरं बोलला. एका चार्जिंगमध्ये त्याच्या गाडीपेक्षा बरीच जास्त. किंमत जवळपास तीच.

साळा मॅनेजरवर रागावला नाही. माझ्याकडे वळला.

"भाऊजी, मी थांबतो म्हणत होतो न? तुमीच म्हणालात, थांबणारा थांबूनच राहते."

म्हणालो होतो. आमच्या रिसालीत या कंपनीची गाडी पहिल्यांदा घेणाऱ्यांतला मी. कंपनीने केली नसेल एवढी तिची जाहिरात मी फुकटात केली होती. गाडीत अधूनमधून रात्रीतून सुधारणा, म्हणजे अपडेट, यायची. सकाळी बसावं, तर एसीचं बटण स्क्रीनच्या भलत्याच कोपऱ्यात गेलेलं. ते शोधत मी घामाने निथळत स्टील प्लांटच्या गेटवर पोचायचो आणि मित्रांना सांगायचो, बघा, कंपनी रात्रीसुद्धा झोपत नाही. साळ्याची बायको बाळंतपणाला राजनांदगावला माहेरी गेली, तेव्हा मीच त्याला जुनी डिझेल गाडी विकायला लावली. बाळाच्या नाकात धूर कशाला? आता आठवड्याने बाळ-बाळंतिणीला घरी आणायचं होतं. जुनी गाडी गेलेली, नवी घरी न्यायच्या आत जुनी झालेली, आणि या दोन्हींच्या मधोमध मी, हाताला कुंकू लागलेला.

मॅनेजर बिचारा हिंदीत समजावू लागला. त्याचंही खोटं नव्हतं. नवं आधी सांगितलं, तर उभ्या असलेल्या गाड्या कोण घेणार? सुधारणा थांबवली, तर गिऱ्हाईक समोरच्या शोरूममध्ये जाणार. मला त्याची दया आली, पण साळा बघत होता, म्हणून मी प्लांटातल्या रेल मिलचा, रूळ बनवण्याचा, अनुभव काढला. म्हटलं, आम्हीही रूळ सुधारतो. आधी अंथरलेले रूळ उखडून बदलून द्या, असं कोणी म्हणत नाही. कारण पुढे काय येणार, हे घेणाऱ्याला आधीच माहीत असतं. तुम्ही माझ्या साळ्याला नवं दिलं नाही याचं काही नाही. सांगितलं नाही, याचं वाईट वाटतं.

भाषण मला आवडलं. मॅनेजरने मान डोलावली आणि माझ्या स्वस्तिकावर फिरवायला ओलं फडकं मागवलं.

इथे ही पुढे झाली. हातात थाळी तशीच होती.

"पुसू नका," ती त्याला म्हणाली. मग भाषा बदलून हिंदीत नीट समजावलं, की आमच्यात पूजा झालेली गाडी दुसऱ्याच्या दारात जात नाही. माझ्या भावाच्या नावाने नारळ फुटला आहे. आता ही गाडी त्याची.

मॅनेजर म्हणाला, मॅडम, ही तर नमुन्याची आहे. ही म्हणाली, मग नमुना झाल्यावर द्या. आवाज चढवला नाही, पण थाळी त्याच्या टेबलावर कागदांच्या वर ठेवली, निरांजन पेटतं. कागद काढायचे, तर थाळी उचलावी लागणार, आणि ती उचलायची त्याची हिंमत होईना.

तो आत जाऊन बराच वेळ फोनवर बोलत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता. वरच्यांनी मान्य केलं होतं. ज्यांच्या गाड्या अजून शोरूमच्या बाहेर पडल्या नाहीत, त्यांना हवं तर त्याच बुकिंगवर नवं मॉडेल मिळेल. साळ्याला हीच गाडी, जाहीर झाल्यावर. मी हळूच विचारलं, आणि आम्ही जुनी मंडळी? तो म्हणाला, सर, आपके लिए भी अपडेट आएगा. म्हणजे एसीचं बटण पुन्हा हलणार, हे मी समजलो.

नव्या गाडीवर कापड परत चढलं, खाली माझं स्वस्तिक तसंच. साळा हसला, माझ्या पायाला हात लावून म्हणाला, "भाऊजी, चूक करावी तर तुमच्यासारखी." मी छाती फुगवून पार्किंगकडे निघालो. खिशात हात घातला तर किल्ली नव्हती. पाहतो तर साळा माझ्या गाडीत बसून सीट मागे सरकवत होता.

मी हिच्याकडे पाहिलं.

"मीच देली," ती म्हणाली. "त्याची गाडी येईपर्यंत आपली त्याच्याजवळ राहीन. बाळाले का तो सायकलवर आणीन? तुमी महिनाभर स्कूटरनं जा प्लांटात. नारळ तुमीच फोडला न."