परातीवरचं नाव

मालगुंडजवळच्या आमच्या वाडीत मी बँकेचं काम बघते. घराच्या पडवीत एक टेबल आणि त्यावर अंगठ्याचं मशीन. खातं, पेन्शन, अपघात विमा, सगळं तिथेच. शहरातल्या शाखेची पायरी चढायला जे बिचकतात त्यांच्यासाठी मी, याचा मला भारी तोरा होता.

तो एका विम्याने उतरवला. वाडीतला एक खलाशी लाँचवरून पडून बुडाला. विमा मीच काढून दिला होता. पण बायकोचा दावा परत आला. नॉमिनीचं नाव जुळत नव्हतं. फॉर्मवर तिचं सासरचं नाव होतं, नवऱ्याने लग्नात तांदळात अंगठीने लिहिलेलं. आधारकार्डावर मात्र माहेरचंच. आमच्याकडे निम्म्या बायकांची हीच तऱ्हा, माझीसुद्धा. तरी फॉर्म भरताना मी तिचं कार्ड मागितलं नव्हतं. चूक माझी आणि हेलपाटे तिला.

"ही बाई तीच कशावरून?" रत्नागिरीच्या विमा कार्यालयातले साहेब म्हणाले. लग्नाची नोंदणी नव्हती, पत्रिकेवर माहेरचं नाव. "बघू," म्हणाले. असल्या "बघू"चं पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. डोकं फिरलं माझं. हिला विमा मिळेपर्यंत गप्प बसायचं नाही, असं तिथेच ठरवलं.

वाडीत आल्यावर तिला विचारलं, "लग्नातलं काही आहे का तुझ्याकडे?"

"भांडी हायत, बाय. दुसरा काय असणार?"

माळ्यावरून भांडी काढली. आईने दिलेल्या कळशीवर माहेरचं नाव आणि लग्नाची तारीख. मामेसासऱ्यांनी पूजेला दिलेल्या परातीवर नवऱ्याच्या नावाशेजारी तिचं नवं नाव, तारीख दुसऱ्या दिवशीची. दोन्ही पिशवीत घालून एसटीने रत्नागिरीला नेली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. सगळं कार्यालय हसलं. मी हलले नाही. शेवटी साहेबांनी चष्मा लावून दोन्ही वाचली, आणि कसलं प्रतिज्ञापत्र नि कुणाचा दाखला चालेल ते मुकाट्याने लिहून दिलं. त्या दाखल्यासाठी पोलीस पाटलांच्या दारी मी चार वेळा गेले. पाचव्यांदाही गेले असते.

दावा मंजूर झाला. आता कार्ड बघितल्याशिवाय मी कुणाच्याही बायकोचं नाव लिहीत नाही.

मंजुरीचं पत्र घ्यायला ती पडवीत आली, तेव्हा तिने तो जुना फॉर्म बघायला मागितला. नावावर बोट ठेवून म्हणाली, "ह्या नाव त्यांनी सांगितलानी?"

"हो. विचारल्याबरोबर."

"बारा वर्षांत मला कधी नावान हाक मारली नाय. नुसता 'अगो'. मला वाटला, इसरले."

मी फॉर्मची झेरॉक्स काढून दिली. तिने ती जपून घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली आणि निघाली. मंजुरीचं पत्र टेबलावरच राहिलं होतं. ते घेऊन मला तिच्यामागे धावावं लागलं.