वांग्याच्या वावरात आईला ऐकू आलं ते

माझं काम कानाचं आहे, हे आधीच सांगून टाकते. सावंगीला एका हॉस्पिटलमध्ये मी कानांची तपासणी करते. पेशंटला बंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे आणि आवाज आला की बटण दाबायला सांगायचं. कोणाला खरंच ऐकू येतं आणि कोण उगाच बटण दाबतो, ते मला मशीनवर कळतं. त्यामुळे या ग्रुपवरचे अनुभव मी आवडीनं वाचते, पण वाचता वाचताच मनात त्यांची साधी-सरळ कारणं लावून मोकळी होते. भूतबाधा, संकेत, साक्षात्कार... यातलं काहीच मी कधी मानलं नाही. खरं तर आजही मानत नाही. फक्त ही एक गोष्ट माझ्या कुठल्याच खान्यात बसत नाही.

आमचं गाव आर्वीजवळ. घरचं वावर भाजीपाल्याचं – वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी. बाबा गेल्यावर वावर आई सांभाळते. आईला ऐकू येत नाही. दादा पाचवीत असताना तिला मेंदूज्वर झाला, त्यातून ती उठली पण दोन्ही कान गेले. मी तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागले होते. आई ओठ बघून बोलणं ओळखते. तिच्याशी बोलायचं म्हणजे समोर जाऊन, खांद्याला हात लावून, तोंड तिच्याकडे करून. पाठ फिरली की संपलं. तिचे कान मी स्वतः तपासलेत. मशीनवर जितका मोठा आवाज देता येतो तितका दिला, तरी तिचं बोट बटणावरून हललं नव्हतं.

दादा, म्हणजे मंगेश, पिकअप चालवायचा. गावातला भाजीपाला आर्वीच्या बाजारात न्यायचा. दारू कधी लागली हे नक्की सांगता येत नाही, पण शेवटी शेवटी सकाळी हात थरथरायचे म्हणून प्यायचा आणि प्यायला म्हणून गाडी घरी उभी राहायची. घरात भांडण असं व्हायचंच नाही. तो आईसमोर येतच नसे, तर भांडणार कोण?

माझ्या डिपार्टमेंटमधल्या एका सिस्टरनं मला हिंगणीच्या पुढं, बोर धरणाच्या रस्त्यावर असलेल्या एका केंद्राबद्दल सांगितलं. ख्रिश्चन लोकांचं, तिथंच राहून दारू सोडवायचं. मामा लगेच म्हणाला, "तिकडं धर्म बदलवतेत, पाहून घेजो." मी केंद्र चालवणाऱ्या विल्सन सरांना तोंडावरच विचारलं. ते हसले. "बाई, प्रार्थना आम्ही येशूचीच करतो, लपवून ठेवत नाही. त्याला बसावं लागेल. बसून मनात काय म्हणायचं ते त्याचं तो पाहील."

ते स्वतः आधी पिणारे. तिथले बहुतेक कार्यकर्ते तसेच. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीत, कारण दारू एकदम तुटली की झटके येऊ शकतात. मोबाइल ऑफिसात जमा. प्रत्येक नव्या माणसाला एक जुना माणूस जोडून देतात, त्याला 'साथी' म्हणतात. तो जेवायला, कामाला, झोपायला सोबतच असतो. सकाळी ढोलक-पेटीवर गाणी, मग बायबलमधला एखादा उतारा आणि त्यावर बोलणं. नंतर कामं – स्वयंपाक, शेळ्या, भाजीचे वाफे. दुपारी सगळे गोल करून बसतात आणि एकजण आपली साक्ष देतो. साक्ष म्हणजे काय घडलं ते स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांसमोर. मध्ये कोणी बोलायचं नाही, नंतर सल्लाही द्यायचा नाही. घरच्यांनी यायचं ते ठरलेल्या रविवारीच. आणि गेटला कुलूप नाही! मला तेच पटत नव्हतं. मी म्हटलं, "सर, पळून गेला तर?" ते म्हणाले, "कुलपानं दारू सुटली असती तर जेलमधून सगळे सुधारूनच बाहेर आले असते ना?"

दादा तिथं राहिला, पण गप्प. पहिल्या भेटीला मी एकटीच गेले होते. तेव्हा त्याचा साथी म्हणाला, "काम सगळं करते जी, पण बोलतच नाई. साक्षेची पाळी आली की उठून शेळ्यांकडं जाते."

त्यानंतरच्या एका रविवारी मी गावाला आले होते. भेटीचा रविवार नव्हता तो. दुपारचं जेवण करून आई आणि मी वावरात वांगी तोडत होतो. आई माझ्या पुढच्या ओळीत, पाठ माझ्याकडे. चांगलं लख्ख ऊन. तोडता तोडता ती एकदम सरळ उभी झाली आणि तिनं मान वळवली.

इथं जरा थांबून सांगायला हवं. ठार बहिरा माणूस अशी मान वळवत नाही. आवाज कुठून येतो ते शोधताना आपण डोकं थोडं तिरपं करतो, एक कान पुढं काढतो, श्वास धरतो. रोज बघते मी हे. आईला इतक्या वर्षांत असं करताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

"कोन बोलून राह्यलं?" ती म्हणाली.

मी धावत तिच्यासमोर गेले. "कोणी नाही, आई. काय झालं?"

तिनं माझ्या ओठांकडे बघितलंच नाही. हातानं मला गप्प बसवलं... आणि खराब लाइनवर फोन ऐकावा तशी अडखळत, थांबत, ऐकलेलं पुन्हा म्हणत गेली. "मंगेश हाय. मंगेश बोलून राह्यला. म्हणते... आई भाकरी टाकत राहे. तिची पाठ माह्याकडं राहे. मी दारात उभा राहून सगयं सांगो. आज बी पेलो, आई. उद्या बी पिईन. मले धर. मले कोंडून ठेव... रोज सांगो. तिले आयकू येत नाई, म्हनूनच सांगो..."

आईचे डोळे वाहत होते आणि ती दूर पऱ्हाटीच्या, कपाशीच्या ओळींच्या पलीकडं बघत होती. मग ती मोठ्यानं ओरडली, शेजारच्या वावरातल्या बायांनी वळून पाहिलं इतक्या मोठ्यानं. "मंग समोर येऊन सांग ना, बाप्पा! पाठीले काय सांगतं?"

थोडा वेळ ती तशीच कान देऊन उभी राहिली. मग बांधावर बसली. "गेला आवाज," म्हणाली. पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "किती जाड झाला वं आवाज त्याचा. तुया बाबासारखा."

आईनं दादाचा आवाज शेवटचा ऐकला तेव्हा तो पाचवीतला पोरगा होता. फुटलेला आवाज तिनं ऐकलाच नव्हता. मी तिला विचारलं, मग तुला कसं कळलं तो मंगेशच आहे? ती माझ्यावरच चिडली. "मायले सांगा लागते का?"

संध्याकाळी मी केंद्राच्या ऑफिसला फोन लावला. विल्सन सरांच्या पत्नीनं उचलला. "मंगेश छान आहे. आज बोलला तो," एवढंच त्या म्हणाल्या. जास्त विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या भेटीच्या रविवारी मी आईला घेऊन गेले. मी आधी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. विल्सन सरांनीच मला बाजूला घेतलं. म्हणाले, "तुम्ही फोन केला त्याच दुपारी त्यानं बॅग भरली होती. मी म्हटलं, जा, पण का चाललास ते सगळ्यांसमोर एकदा सांगून जा. तेव्हा उभा राहिला. आईच्या पाठीमागं उभं राहून बोलायचा ते सगळं सांगितलं त्यानं. आणि एक जरा विचित्र झालं... बोलता बोलता मध्येच थांबला, कोणी हाक मारावी तसा मागं वळला आणि म्हणाला, 'हो, येतो.' मागं तर भिंत होती. मग खाली बसला आणि खूप रडला. बॅग त्यानंच परत रिकामी केली."

मी त्यांना वावरातलं सांगितलं. त्यांची मंडळी याला ताबडतोब चमत्कार म्हणतील असं मला वाटत होतं, आणि खरं सांगते, मी त्याला विरोध करायच्या तयारीतही होते. पण ते म्हणाले, "हे मी सभेत सांगणार नाही. मला काय वाटतं ते तुम्हाला माहीतच आहे, मी देवाचा माणूस. पण मी सांगायला लागलो की उद्या इथं येणारी प्रत्येक आई आवाजाची वाट पाहत बसेल. आणि नाही आला तर?"

तिकडं चिंचेच्या झाडाखाली दादा आईसमोर बसला होता. पहिल्यांदाच असा अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून. सावकाश, ओठ नीट हलवत तेच सगळं तो तिला सांगत होता. आईनं त्याला मध्येच थांबवलं. "आयकलं म्या," म्हणाली.

दादाला मी नंतर विचारलं. त्याला 'हो, येतो' म्हटल्याचं आठवतच नाही. आवाज-बिवाज काही ऐकल्याचंही नाही. "मले फक्त वाटलं का आता जाऊन नाई चालत," एवढंच.

मी सगळी कारणं लावून पाहिलीत. आईनं आधी कधी वळून त्याचे ओठ वाचले असतील आणि ते मनात राहिलं असेल. असेलही. पण मग त्याच दुपारी कसं? तिथं फोन बंद, मधलं अंतर केवढं! आणि तो 'हो, येतो' कोणाला म्हणाला? आईला पुन्हा तपासणीला आणलं, हॉस्पिटलमधल्या माझ्या सरांना न सांगता, माझ्या सुटीच्या दिवशी. ग्राफ पहिल्यासारखाच. काहीही ऐकू येत नाही तिला. त्या दिवसाआधीही नाही आणि त्यानंतरही नाही.

दादा लगेच सुधारला असं समजू नका. कोर्स पूर्ण करून आला आणि एका लग्नात पुन्हा घसरला. पण दुसऱ्या दिवशी एसटी धरून स्वतःच हिंगणीला परत गेला. आता तिथंच नव्या लोकांचा साथी म्हणून राहतो, सणावाराला घरी येतो.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर खाली लिहा, मी खरंच वाचीन. आई तर त्या दिवसाबद्दल स्वतःहून बोलतच नाही. फक्त एकदा, मी तिच्यासमोर बसून मेथी निवडत होते, तेव्हा तिनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि विचारलं, "तुया आवाज कसा झाला वं आता?"

मी म्हटलं, "बारीक आहे, आई." तिनं माझे ओठ नीट वाचले, आणि मान डोलावली.