कोब्यावरची रेघ

चित्रांच्या प्रदर्शनात शिरलं की माणसं आधी भिंतीकडे बघतात. आमच्या गटातल्या सहाही जणी आधी जमिनीकडे बघतात. आम्ही रांगोळी काढतो. दारापुढची नव्हे, माणसांचे चेहरे. दर दिवाळीत मुलुंडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये खिडक्यांना काळे पडदे लावून, पंखे बंद करून, एकेका चेहऱ्यावर दिवा सोडून आम्ही प्रदर्शन भरवायचो. त्याच शाळेत मी चित्रकलेची बाई होते. निवृत्त झाले तरी गटात सगळ्या मला बाईच म्हणतात, आणि दुसऱ्याची रेघ सुधारायची माझी सवय काही निवृत्त झालेली नाही.

त्या वर्षी शाळेने हॉलला चकचकीत टाइल्स बसवल्या. मुख्याध्यापिका मला कौतुकाने दाखवायला घेऊन गेल्या. मी खाली बसून चिमूटभर रांगोळी सोडून पाहिली. काचेवर सोडल्यासारखी ती घरंगळली. चेहऱ्याच्या रांगोळीला खरखरीत जमीन लागते, नाहीतर गालावरची सावली नाकावर जाऊन बसते. वर त्या म्हणाल्या, "आणि टाइल्सवर चरे पडतील ना, बाई." म्हणजे हॉल गेला. दिवाळी दोन महिन्यांवर आलेली आणि आमच्याकडे जमीनच नाही. कार्यालयं पाहिली, सोसायट्यांचे हॉल पाहिले, सगळीकडे तीच गुळगुळीत फरशी. तिचा मला इतका राग आला होता की स्वतःच्या स्वयंपाकघरातही मी पाय आपटत चालायचे.

म्हणून अंधेरीच्या सहलीचं खूळ मी काढलं. तिथे एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या गाळ्यांत आता चित्रकारांचे स्टुडिओ आहेत आणि एका रविवारपासून दहा-बारा दिवस ते सगळ्यांसाठी उघडे राहणार होते. तोंडाने मी "जरा नवी कला बघू या" म्हटलं. मनात जागा शोधायची होती, आणि हे गटातल्या प्रत्येकीला माहीत होतं. सकाळी अंधेरी, दुपारी बोरिवलीहून बोटीने गोराई, तिथे मासे खाऊन किनाऱ्यावर स्केचिंग, असा बेत ठरला. मिनीबस कांजूरमार्गला आली तशी कचऱ्याच्या वासाने सगळ्यांनी नाकाला पदर लावला. नेमका तेव्हाच आमच्या भांडुपच्या मैत्रिणीने चिवड्याचा डबा उघडला. ती मूळची मालवणची, आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होती. तिला वासाचं काही वाटत नाही.

पहिल्या गाळ्यात पडद्यावर एक माणूस कांदे चिरत होता. नुसता चिरतच होता. आम्ही दोन मिनिटांत बाहेर पडलो, पण मालवणीण शेवटपर्यंत बसली आणि बाहेर येऊन म्हणाली, "कांदो जाड कापता मेलो." दुसऱ्या गाळ्यातली चित्रं मला खरंच आवडली, निळ्या रंगावर त्या मुलाचा हात चांगला होता. पण फरशी चकचकीत. मी त्याला शाबासकी दिली आणि निघाले.

तिसऱ्या गाळ्याच्या दारातच मी थांबले. पंखे बंद होते. जमीन सिमेंटच्या कोब्याची, खरखरीत, सपाट, मधोमध एक केसाएवढी चीर सोडली तर कुठे काही नाही. मी चप्पल काढून तळव्याने चाचपून पाहिलं.

"हीच गो ती जागा," मालवणीण माझ्या कानाशी म्हणाली.

त्या कोब्यावर लाल पुडीने एक मोठं चित्र काढलेलं होतं. वरून बघितल्यासारखी एक गल्ली, तिच्या दोन्ही बाजूंना चिकटून चिकटून घरांचे चौकोन. पूड विटेची होती, वस्त्रगाळ केलेली. हात नवशिका, पण चिकाटीचा. एका ठिकाणी मात्र दोन घरांच्या मध्ये, गल्लीच्या कडेची वीतभर रेघ नव्हती. कुणाच्या पायाने पुसली असणार, मला वाटलं. प्रदर्शनात हे रोज होतं. लहान मुलं धावतात, साड्यांचे काठ लागतात. आमच्यात रिवाज असा की मोडलेली रेघ किंवा सांडलेला कण जिला दिसेल तिने खाली बसायचं आणि भरून नाहीतर टिपून टाकायचं. विचारायचं नाही, बोभाटा करायचा नाही. भिंतीशी त्याच पुडीची वाटी होती. मी बसले, चिमूट घेतली आणि रेघ जोडली. आधीच्या रेघेपेक्षा ती सरळ आली, हे मला आजही सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तेवढ्यात चहाचा कप घेऊन एक तिशीची मुलगी आत आली. चित्र तिचं होतं आणि गाळाही तिचाच. तिने जमिनीकडे पाहिलं आणि चहा तिच्या हातावर सांडला.

"काकू, हे काय केलंत तुम्ही? यार, वाट लावलीत!"

"अगं, पुसली होती म्हणून..."

"पुसली नव्हती! तिथे आमचं घर होतं. पाटी वाचायची ना!"

पाटी भिंतीवर होती. आम्ही जमिनीकडे बघत होतो. आता वाचली. ती घाटकोपरच्या डोंगरावरची तिची गल्ली होती. रस्ता रुंद करताना तिचं घर गेलं, शेजारची राहिली. पाडलेल्या घराच्या विटा तिने उचलून आणल्या होत्या आणि त्यांचीच पूड करून सगळी गल्ली काढली होती, स्वतःचं घर सोडून. तीन आठवडे ती गुडघ्यावर बसून हेच करत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर पोरांना "आधी नीट बघा, मग काढा" सांगणारी बाई मी.

"तुझ्या हाताक खाज इली काय गो?" मालवणीण म्हणाली. मला तिच्याकडे बघायचाही धीर झाला नाही.

पण हात माझेच होते आणि ते काय करू शकतात हे मला ठाऊक होतं. मी पर्समधला कोरडा ब्रश काढला.

"तुझ्याकडे या चित्राचा फोटो असेल ना? तो मला दाखवू नकोस, नंतर ताडून बघ. आणि दार लाव, वारा येतोय."

ती घुश्शातच होती, पण तिने दार लावलं. जोडलेली रेघ मोडणं हे जोडण्यापेक्षा कठीण काम. वीतभर पूड कागदाच्या कडेने उचलायची, उरलेली ब्रशने टिपायची, आणि तुटलेली टोकं पुन्हा तशीच तुटकी करायची. डावं टोक तिरकं होतं. उजव्या टोकाशी थोडे कण सुटे पडले होते, एक जरा लांब. रेघ भरताना मी ते पाहिले होते. आम्हाला चेहरा ओळखायला शिकवतात तसं बघायचं अंगात भिनलेलं असतं. तासाभराने मी उठले तेव्हा कंबर धरली होती. तिने फोन जमिनीजवळ नेऊन बराच वेळ ताडून पाहिलं.

"सेम आहे," ती म्हणाली. हसली नाही.

"शेवटच्या दिवशी हे मोडणार कोण?" मी विचारलं.

"साफसफाईवाले येतात ना."

"अजिबात नाही. जिने काढली तिनेच झाडायची. आमच्यात तसंच असतं." मी कागदावर माझा फोन नंबर लिहून वाटीखाली ठेवला. जागेबद्दल बोलायला मात्र तोंड उघडेना.

जिन्यात मालवणिणीने गाठलंच. "जागेचा इचारलंस?"

"कुठल्या तोंडाने विचारू?"

गोराईला जायची वेळ टळून गेली होती. परतताना बसमध्ये मालवणीण अधूनमधून म्हणत होती, "माझो बांगडो गेलो तुझ्या रेघेपायी." मला मात्र बांगड्यापेक्षा तो कोबा दिसत होता. सहा जणींची दिवाळी मी चिमूटभर पुडीत घालवली होती.

दहा-बारा दिवसांनी फोन आला. "काकू, आज शेवटचा दिवस. मला झाडवत नाहीये."

मी निघाले. मालवणीण न बोलावता सोबत आली. ती मुलगी झाडू घेऊन भिंतीशी उभी होती, डोळे सुजलेले.

"आधी ती रेघ तुम्ही जोडा," ती म्हणाली. "मग मी झाडते. त्या दिवशी तुम्ही जोडलीत ना, तेव्हा एक सेकंद मला घर दिसलं. त्यानेच तर डोकं फिरलं माझं."

वाटी तिने माझ्यापुढे धरली. मला किती मोह झाला म्हणून सांगू. पण मी वाटी तिच्याकडे सरकवली.

"घर तुझं. रेघ तू ओढ."

चिमूट कशी धरायची, मनगट जमिनीला कसं टेकवायचं नाही, एवढंच मी दाखवलं. ती बसली. रेघ मध्येच जाड झाली, मग कोब्यातल्या त्या चिरेवर अडखळली, आणि पलीकडच्या टोकाला बोटभर खाली जाऊन लागली. चक्क वाकडी. इतक्या वर्षांत वाकडी रेघ बघून मी गप्प बसलेले नाही. हात असे शिवशिवत होते की मी ते पाठीमागे घेऊन एकमेकांत धरून ठेवले.

"झाली?" तिने विचारलं.

"झाली," मी म्हटलं. "छान झाली."

मग तिने झाडलं, कडेकडून आत, घर सगळ्यात शेवटी. रडत होती, पण हात थांबला नाही. सगळं सुपलीत भरून झाल्यावर मालवणिणीने सरळ विचारलं, "आता ही जमीन रिकामीच रवतली काय गो? आमका दिवाळीक होयी."

मी तिला चिमटा काढला. मुलगी नाक पुसत हसायला लागली.

"घ्या ना. पंखे बंद ठेवायचे ना?"

दिवाळीत सहा चेहरे आम्ही त्या कोब्यावर काढले. माझी चौकट मी मुद्दाम तिथेच आखली, जिथे ते घर होतं. माझ्या रांगोळीतली म्हातारी खिडकीशी बसली होती, आणि खिडकीखाली कोब्यातली ती चीर. झाडून झाडूनही तिच्यात लाल पूड राहिलीच होती. प्रदर्शन उघडायच्या आधी गटातली एक जण दिवे तपासत येत होती. तिला ते लाल ठिपके दिसले. रिवाजाप्रमाणे काही न विचारता ती ब्रश घेऊन खाली बसली.

मी तिचा हात धरला.

"राहू दे," मी म्हटलं. "ते आधी मला दिसलंय."