केस मिटली, आता वकील कशाला

माझ्या भावाला, हैबतरावाला, दोनच गोष्टींचं वेड. एक उरवड्याची जमीन आणि दुसरी तिच्यावरची केस. जमीन वडिलोपार्जित, केसही जवळजवळ वडिलोपार्जितच. चुलतभावाची विधवा तुळजाबाई आणि आमचा दादा यांच्यात ओढ्याकडच्या पट्टीवरून वाद होता. पौडच्या कोर्टात तारीख असली की दोघं एकाच एसटीनं जायचे, कारण त्या वेळेला दुसरी गाडीच नसायची. तुळजाबाई खिडकीशी, दादा दारापाशी, तोंडं दोन दिशांना. मधल्या सीटवर दादाची पोरगी साधना, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन. तुळजाबाई तिला ओंजळभर शेंगदाणे द्यायची आणि ती निमूट खायची. कोर्टाची पायरी चढली की मात्र शेंगदाणे बंद. आमच्याकडे भांडणालाही रीत असते.

मी सुलक्षणा, साधनाची आत्या. मला पिरंगुटला दिली, तिथल्या अंगणवाडीत माझा जन्म गेला. या पोरीची हकीकत मी लिहितेय, कारण घरातलं दुसरं कुणी ती लिहिणार नाही, आणि तोंडी सांगायला बसले की माझा आवाज चढतो.

साधना नववीत होती तेव्हाची गोष्ट. एका तारखेला दादाचा वकील फिरकलाच नाही. दादा घरी येऊन चरफडत बसला आणि जेवता जेवता सगळ्यांसमोर म्हणाला, "परक्याच्या जिवावर किती दिस लढायचं? मी घरचाच वकील करतो. साधीला वकील करतो." पोरगी घास हातात धरून तशीच बसली. तोवर तिला कुणी काही करणार असल्याचं तिनं ऐकलंच नव्हतं. थोरला किशोर होता, पण त्याला चारचाकी आणि भूगावच्या प्लॉटवाल्यांची ऊठबस एवढंच गोड. त्या दिवसापासून गाव साधनाला वकिलीणबाई म्हणून चिडवायला लागलं. तिला ते मनापासून आवडायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

अकरावीला ती पिरंगुटला माझ्याकडे राहायला आली. तिथं तिला कल्पना मॅडम भेटल्या. मॅडम राज्यशास्त्र शिकवायच्या आणि पोरांना फुकटचं गोड बोलून फसवायच्या नाहीत. त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं की कायदा बारावीनंतर पाच वर्षांत करता येतो, नाहीतर आधी पदवी घेऊन मग तीन वर्षांत. दादाला पाच वर्षंच बरी वाटली, केसला लवकर वकील मिळाला असता. पण मॅडमनी सुचवलेल्या कॉलेजासाठी पोरगी लांब होस्टेलला ठेवावी लागणार म्हटल्यावर तो नाही म्हणाला. "मग तारखांना माझ्यासंगं कोण येनार?" असं त्यानं विचारलं. आम्ही सगळे हसलो. तेव्हा हसायला नको होतं.

म्हणून पदवीचा रस्ता ठरला. कुणी म्हणालं कॉमर्स घे, कुणी म्हणालं बीएला काय किंमत. मॅडम म्हणाल्या, कायद्याला आधी अमुकच विषय लागतो असं काही नाही, जो विषय तू आवडीनं वाचशील आणि ज्यात मार्क पडतील तो घे. फक्त तीन गोष्टी सोडू नकोस. कुठल्याच वर्षी मार्क घसरू देऊ नकोस, रोज इंग्रजी वाच आणि चार माणसांसमोर उभं राहून बोलायला शीक. साधनानं राज्यशास्त्र घेतलं, तेही इंग्रजीतून, तेही पुण्यातल्या कॉलेजात. सकाळची बस पकडायची, चांदणी चौकातल्या गर्दीत उभ्या उभ्या पुस्तक वाचायचं आणि परत आली की माझ्या ओट्याशी उभी राहून इंग्रजी पेपरचा अग्रलेख मोठ्यानं म्हणायचा. मी भाकऱ्या थापत ऐकायची. मला ओ की ठो कळायचं नाही, पण कुठं अडखळली ते कळायचं.

पहिल्या वादविवाद स्पर्धेत ती गप्पच उभी राहिली आणि रडत घरी आली. पुढच्या वर्षी त्याच व्यासपीठावरून ढाल घेऊन आली. शेवटच्या वर्षी ती मोफत कायदा सल्ला देणाऱ्या केंद्रात जाऊन बसायची, कातकरी वस्तीवरच्या बायकांचे जातीच्या दाखल्यांचे अर्ज लिहून द्यायची. त्या बायका तिच्यासाठी करवंदं घेऊन यायच्या. आणि या सगळ्यात तारीख आली की लेक्चर बुडवून पौडला, आप्पांच्या मागं, पिशवी धरून. आप्पा म्हणजे आमचा दादाच, पोरं त्याला आप्पा म्हणतात.

एक गोष्ट दादाच्या बाजूनं सांगायला हवी. त्या तीन वर्षांत चांगली चांगली स्थळं आली, त्यानं सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं. "पोरीला वकील करायचंय," असं छाती काढून सांगायचा. माझी भावजय सगुणाबाई मागून सुस्कारे टाकायची, पण त्याच्या पुढं तिचं काही चालायचं नाही. अख्ख्या मुळशीत असा बाप नसेल असं साधना म्हणायची. मलाही तसंच वाटायचं.

पदवीचा निकाल चांगला लागला. दिल्लीच्या ज्या नावाजलेल्या कॉलेजसाठी ती झुरत होती, तिथल्या प्रवेशपरीक्षेतही पोरगी पास झाली आणि तिला जागा मिळाली. ती पळत माझ्याकडे आली, मला धरून गरगर फिरवलं. मग पेढे घेऊन आम्ही दोघी उरवड्याला गेलो.

तिथं आधीच पेढे वाटणं चालू होतं. ओसरीवर एका बिल्डरची माणसं बसलेली आणि त्यांच्यामध्ये, आमच्या डोळ्यांवर विश्वास बसेना, दादाशेजारी तुळजाबाई. किशोरनं मध्यस्थी केली होती. बिल्डरला दोघांचीही जमीन एकत्र हवी होती, म्हणून दोघांनी कोर्टाबाहेर मिटवून टाकलं होतं. इतक्या वर्षांची केस एका दुपारच्या चहावर संपली.

साधनानं पेढा पुढं केला. "आप्पा, दिल्लीला लागली जागा."

दादानं पेढा तोंडात टाकला. "बरं झालं. पन आता कशाला? केस मिटली, आता वकील कशाला?"

तो हे चेष्टेत म्हणाला असं मला वाटलं. चेष्टा नव्हती. पोरगी उभी होती तिथंच उभी राहिली, हातात पेढ्यांचा बॉक्स. तिनं सात-आठ वर्षं जे स्वतःचं आयुष्य समजून घासलं होतं, ते दादाच्या लेखी जमिनीच्या कामाचं एक अवजार होतं. काम झालं की अवजार कोपऱ्यात. मला इतका संताप आला की मी पाणी न पिता उठले.

दोन दिवसांनी दादा स्वतः माझ्या दारात आला. त्याला साधनाची सही हवी होती. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचाही हक्क असतो, तो तिनं सोडल्याशिवाय बिल्डर पुढं सरकेना. माझी सही मी बाप गेला त्याच वर्षी करून बसले होते. हिरवी साडी, खण आणि पुरणपोळीचं जेवण एवढ्यावर. आमच्याकडे त्याला हक्क सोडला असं कुणी म्हणत नाही, बहिणीनं मन मोठं केलं म्हणतात. माहेर राहावं म्हणून आम्ही मनं मोठी करतो.

साधनाला हे सगळं कलमांसकट माहीत होतं. ती शांतपणे म्हणाली, "आप्पा, सही करते. मला जमीन नको. मला दिल्लीला जाऊ द्या."

"जा की," दादा म्हणाला. त्याच दिवशी त्यानं तिला घरी नेलं, देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकापुढं उभा राहिला आणि भंडारा उचलला. चिमूटभर हळद कपाळाला लावून म्हणाला, "देवाची आन, पोरीला दिल्लीला धाडीन, मी सोता पोचवाया जाईन." आमच्या भागात माणसानं भंडारा उचलला की त्याच्याकडे कागद मागायचा नसतो. मागितला तर त्याला लबाड म्हटल्यासारखं होतं.

मी तरी तिला बाजूला घेतलं. "साधे, लिहून घे. मी साडीवर भुललेली बाई हाय, माझं ऐक."

ती हसली. तिचं ते हसणं मला अजून दिसतं. "आत्या, बापाकडनं लिहून घेऊ?"

निबंधक कचेरीत अंगठा झाला, फोटो झाला, सही झाली. दादानं तिला पैठणी घेतली. माझ्यापेक्षा भारी, एवढंच काय ते पुढारलेपण.

दिल्लीच्या कॉलेजात ठरलेल्या दिवशी मूळ गुणपत्रिका आणि दाखले घेऊन हजर राहायचं होतं, नाहीतर जागा जाणार होती. सगळे दाखले एका फायलीत उरवड्याच्या घरी होते. निघायच्या सकाळी मी साधनासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊन गेले. बॅग दारात, तिकिटं हातात, आणि फाईल नाही. कपाट पाहिलं, ट्रंक उपसली, धान्याच्या कणग्यांमागं हात घातले. दादा आमच्याबरोबर शोधत होता. पलंगाखाली वाकून वाकून शोधत होता. मग कुणाला तरी आठवलं की फाईल झेरॉक्सला नेली होती, ती किशोरच्या गाडीत राहिली असेल. किशोर मित्रांबरोबर कोकणात गेलेला, फोन बंद.

गाडी सुटली. कॉलेजला तिनं ईमेल पाठवले, फोन लावले. ठरलेला दिवस गेला आणि जागा दुसऱ्याला गेली. त्या दिवशी साधना न रडता गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली. दादा तिच्या डोक्यावरून हात फिरवत होता. "नशिबात नव्हतं, बाळ," असं म्हणत होता.

किशोर परतला तो हसत; साधनाजवळ मी तोवर उरवड्यालाच राहिले होते. जेवायला बसल्यावर साधनानं त्याला फायलीचं विचारलं, तर तो म्हणाला, "मला काय ठावं? आप्पाच म्हनले, ही गाडीत ठिव आन् चार दिस फोन बंद ठिव."

आमटीची वाटी सगुणाबाईच्या हातात राहिली. साधनानं बापाकडं पाहिलं. मी म्हणते, त्यानं निदान खोटं तरी बोलायचं होतं. पण दादा ताटातला भात कालवत म्हणाला, "मंग काय करू? तू तितनं शिकून येनार, उद्या माझाच दस्त उसवनार. भावकीवर सोडाया वकील पायजे होता मला. माझ्यावर सुटनारा न्हाई."

"आणि भंडारा?" मी विचारलं.

"देवाचं मी बगून घेतो. सोमवतीला जेजुरीला जाऊन दुप्पट उधळीन."

साधना हात धुऊन उठली आणि त्याच दिवशी फाईल घेऊन माझ्याकडं कायमची आली. पिरंगुटला एका क्लासमध्ये शिकवू लागली आणि पुन्हा परीक्षेला बसली. ती आता बोलायची कमी. अग्रलेख मनातल्या मनात वाचायची, आणि मला माझ्याच स्वयंपाकघरात ओकंबोकं वाटायचं.

पुढच्या वर्षी तिला त्याच कॉलेजात पुन्हा जागा मिळाली. या खेपेला तिनं पेढे आणले नाहीत. दादाला गावातून कळलंच असणार. आणि त्याच सुमारास तो बिल्डरच्या माणसाला घेऊन माझ्या दारात उभा राहिला. दस्तात एक गट नंबर चुकीचा पडला होता. चूक दुरुस्त करायची तर सगळ्यांनी पुन्हा सह्या करायच्या, साधनानंही.

"करते," साधना म्हणाली. "आधी तुम्ही लिहून द्या. माझ्या शिक्षणाच्या आड तुम्ही, आई, किशोर कुणीही येणार नाही. खाली सही करा, आत्या साक्षीदार."

दादाचा चेहरा उतरला. खरंच उतरला, नाटक नव्हतं. "बापाकडनं लिहून घेतीस?"

"व्हय," ती म्हणाली.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. माझ्या देव्हाऱ्यातही खंडोबाचा टाक आहे. त्याचा हात तिकडं वळला. "भंडारा उचलतो की परत..."

"नको, आप्पा. देवाला मधी घेऊ नका आता."

मग माझा थोरला भाऊ अंगणवाडीतल्या पोरासारखा जमिनीवर मांडी घालून बसला आणि एक एक अक्षर काढत लिहू लागला. सही सोडून त्यानं कधी काही लिहिलं नव्हतं. साधना सांगत होती, तो लिहीत होता. कागद पूर्ण झाल्यावर तिनं तो वाचला, घडी करून फायलीत ठेवला आणि बिल्डरच्या माणसानं पेनानं जिथं जिथं खूण केली होती तिथं तिथं सही केली. कुणाचाही आवाज चढला नाही. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं. हा कागद लिहायची वेळ यायला नको होती, कुठल्याच घरात.

दिल्लीला निघाली त्या दिवशी तिला बसवायला मी एकटीच पुणे स्टेशनला गेले. परत येताना पिरंगुटला न उतरता पुढं उरवड्याला गेले, सगुणाबाईला पोरगी नीट गेली एवढं सांगावं म्हणून. दादा ओसरीवर बसला होता. मला वाटलं विचारेल, डबा नेला का, रडली का, जागा खिडकीची मिळाली का.

तो पायरीकडं पाहत हळू आवाजात म्हणाला, "सुले, ती शिकून आली की माझ्यावर केस करंल का गं?"

सगुणाबाईनं लेकीसाठी लाडू धाडले होते, तो रिकामा डबा मी तिच्या हातात दिला आणि पिरंगुटच्या बसला जाऊन उभी राहिले.