धायटीचा मध

वरंधचे ते मधपेट्यावाले दर उन्हाळ्यात महाडला आमच्या दारी येतात. इतक्या वर्षांत मी त्यांचं नाव विचारलेलं नाही. मध आधी चमच्याने चाखायला देतात आणि मी काही बोलेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत उभे राहतात. मग म्हणतात, "ह्यो जांभळाचा हाय, बाई. जरासा कडू लागंल."

एका वर्षी अवकाळी पाऊस फार झाला, तेव्हा ते रिकाम्या हाती आले. "यंदाचा मध पातळ हाय, आंबंल. तुमाला नाय देनार," एवढं सांगायला ते एसटीने आले होते.

पुढे त्यांच्या घरामागचा डोंगर दरडीत खाली आला. उतारावरची जांभळं गेली आणि माश्याही पेट्या सोडून गेल्या. "पेट्या दुसरीकडे न्या," मी म्हटलं. पण त्यांनी ऐकलं नाही. दर हिवाळ्यात त्या रिकाम्या पेट्या पुसून, माश्या वासाने परत याव्यात म्हणून आत मेण चोळून ते तिथंच मांडत राहिले.

या मार्चमध्ये ते आले आणि एका छोट्या बरणीतून चमचाभर मध काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. लालसर होता. गोडीमागून जिभेवर तुरटपणा आला. असा मध मी कधी चाखला नव्हता.

"धायटीचा," ते म्हणाले. "दरडीच्या मातीत आपसूक उगवली. तिच्या फुलांनी सगळा उतार लाल झालाय. माश्या आल्या परत."

"मग बाटली कुठाय?"

"यंदाचा त्यांनाच ठेवलाय, बाई. पोळी भरू देत."

मी पुढच्या वर्षाच्या दोन बाटल्या सांगून ठेवल्या.