चमकीची जागा

आधीच सांगून ठेवते — असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. नाही म्हणू की नव्हता म्हणू, ते वाचून झाल्यावर तुम्हीच ठरवा. मी नागपूरला शाळेत विज्ञान शिकवते, एकोणीस वर्षं झाली. दारावर टांगलेलं लिंबू काढून वरणभातावर पिळणाऱ्यांतली मी आहे. (खरंच पिळलंय. नवऱ्याला विचारा, बिचारा जेवला नव्हता त्या दिवशी.) या ग्रुपवर लोक लिहितात ते असले अनुभव मी दुपारच्या चहासोबत वाचायची ते फक्त हसायला. आता तुम्ही हसा माझ्यावर, हक्कच आहे तुमचा.

गोष्ट माझ्या शकू मावशीची. आईची थोरली बहीण, सत्तरी ओलांडलेली, रामटेकजवळच्या खेड्यात राहते, अजूनही धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, स्वतः उभी असते. आमच्या घराण्यात कोणी थाप मारली की सगळे एका सुरात म्हणतात — "आली मावशीची चमकी!" इतकी ती चमकी प्रसिद्ध.

झालं असं की मावशी नऊ वर्षांची असताना एक उन्हाळा तिच्या आत्याकडे नागपूरला राहिली होती. आत्या धंतोलीत एका चित्रकाराकडे स्वयंपाकाला होत्या. त्या चित्रकारांना सगळे मास्तर म्हणत. खरं नाव मी लिहीत नाही, नागपूरकर ओळखतीलच. तर मावशीचं म्हणणं, मास्तरांचं सगळ्यात गाजलेलं चित्र — 'दारातली पोर' — ती पोर म्हणजे मीच!

"पंधरा दिवस उभी होती मी त्या दारात," ती सांगायची. "पाय भरून ये माहे. तवा नाकात नुसती कडुलिंबाची काडी होती. मी म्हटलं, मास्तर, चित्रात तरी मले सोन्याची चमकी द्या न जी. तं म्हने, ती तूच लाव."

कारण मास्तरांची एक रीत होती. चित्र पुरं होत आलं की शेवटचा ठिपका ते स्वतः लावत नसत. ज्याचं चित्र, त्यानं करंगळी रंगात बुडवून तो लावायचा. आणि तो लागल्यावरच मास्तर खाली सही करायचे. पण नेमकं त्याच दिवशी सकाळी मावशीचे वडील एसटीनं येऊन उभे राहिले. पाऊस पडला होता, धानाची रोवणी सुरू झाली होती, घरात हात कमी पडत होते. पोरीला घेऊन गेले. निघताना मास्तर तिला म्हणाले, "तुझी जागा राखून ठेवतो. ये, आणि लाव."

ती गेलीच नाही. पुढं मास्तर वारले, घराला कुलूप लागलं.

आता यावर विश्वास कोण ठेवणार? त्यात ते चित्र एका वर्षी कॅलेंडरवर छापून आलं, घरोघरी लागलं. आमचे मामा भिंग घेऊन बसले. नाकावर ना चमकी, ना जागा... सरळसोट नाक. झालं, मावशी कायमची खोटी ठरली. पण बाई इतकी हट्टी, की लग्नात सासरहून आलेली सोन्याची चमकीसुद्धा तिनं नाकात घातली नाही. "पहिले तिले लागन, मंग मी घालन." सासू वर्षभर बोलली नाही तिच्याशी. आजतागायत मावशीचं नाक मोकळं. भोकसुद्धा बुजलं.

तर गेल्या दिवाळीनंतर मावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्याकडे आली. दवाखाना धंतोलीतच. आठवड्यानं डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, "आजी, आता सुईत दोरा ओवाल." मावशी खुर्चीवरून उठली आणि मला म्हणाली, "चाल मंग."

"कुठं?"

"मास्तरच्या घरी. मूझियम झालं न तिथं? दोन गल्ल्या तं हाय."

दोन वर्षांपूर्वी त्या घराचं संग्रहालय झालं होतं, हे तिला माहीत होतं तर! मला तिला तिथं न्यायचंच नव्हतं. तिला चालवेल की नाही म्हणून नाही हो. मला वाटलं, साठ वर्षं ही बाई एका गोष्टीला धरून बसली आहे. आता नवीन डोळ्यांनी चित्र पाहणार, आणि तिथं सरळसोट नाक निघणार. मग काय राहील हिच्याजवळ? मी शाळेचं कारण काढलं, उन्हाचं काढलं, तिच्या डोळ्यांचंही काढलं. "डोळे पाहाले असतात," म्हणाली, आणि काळा चष्मा लावून चालायला लागलीसुद्धा.

घर दोन हॉस्पिटलांच्या मध्ये आहे. पेशंटचे नातेवाईक कंपाउंडच्या भिंतीला टेकून डबे खात होते. दारात देवीदासभाऊ म्हणून तिथले राखणदार. साठीचा, बोलका माणूस. आम्हा दोघींशिवाय कोणीच नव्हतं, म्हणून तेही सोबत फिरायला लागले. मावशी आत शिरताच स्वयंपाकघराकडे वळली. "इथं पाटा होता. अन् ह्या खिडकीत मांजर बसे, बंड्या नाव होतं त्याचं." मी मनात म्हटलं, आत्या इथं होत्या, मावशी राहिली असेलच... त्यावरून चित्र तिचंच हे काही सिद्ध होत नाही.

मग हॉल. समोरच्या भिंतीवर ते. काचेच्या आत, पुढं दोरी लावलेली. कॅलेंडरपेक्षा कितीतरी मोठं. मी फोन काढून आधी फोटो घेतला — कसा काय सुचला देव जाणे — आणि मगच नाकाकडे पाहिलं.

जागा होती.

डाव्या नाकपुडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी कोरी जागा! आजूबाजूला रंग, आणि मधे नुसतं कापड. मी अक्षरशः तोंडावर हात ठेवला.

"अरे, ते कॅलेंडरवाल्यानं डाग समजून भरून टाकलं होतं," देवीदासभाऊ म्हणाले. "खरं चित्र असंच हाय. अपूर्ण." खाली पाटीवरही तेच — 'दारातली पोर. तैलरंग. अपूर्ण.' बाजूला जाणकारांनी लिहिलेला मोठा फलक. मावशीनं मला तो वाचायला लावला. मी वाचला : ही रिक्त जागा म्हणजे मानवी अस्तित्वाच्या अपुरेपणाचं वगैरे वगैरे.

"म्हंजे काय म्हने?"

"म्हणजे... माणूस कधी पूर्ण होत नाही, असं."

"काहीच्या काही!" मावशी कडाडली. "रोवनी होती म्हनून राहिलं!"

देवीदासभाऊ आधी हसले, मग एकदम थांबले. त्यांचे वडील मास्तरांकडे माळी होते, त्यांचंही चित्र बाजूच्या खोलीत आहे, आणि त्यातली सदऱ्याची वरची गुंडी वडिलांनी स्वतः करंगळीनं लावली होती! ही रीत त्या माणसाला घरातूनच माहीत होती. ते मावशीकडे वळले. "म्हंजे ही पोट्टी... तुमी?"

मावशीनं चष्मा काढला होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडभर हसू. "राखली वं पोरी. राखली त्यानं जागा."

मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला, की काय सांगू. किती वर्षं मीही "आली मावशीची चमकी" म्हणून टाळ्या दिल्या होत्या. इथंच ही गोष्ट संपली असती तरी मी तुम्हाला सांगितली असती. पण इथं संपली नाही.

मावशीनं विचारलं, "काच उघडता का गा भाऊ?"

"माही नोकरी जाईन मावशी," देवीदासभाऊ कळवळून म्हणाले.

"राहू दे मंग." ती दोरीपाशी सरकली. चित्र तिथून चार हात लांब. पदरानं उजवी करंगळी पुसली, डोळे मिटले आणि हवेत हात पुढं केला. "घ्या जी मास्तर, आली मी. रोवनी जराशी लांबली."

आणि करंगळी हवेतच टेकवली. बस. एवढंच.

मी तिच्याकडे पाहत होते, चित्राकडे नाही. हेही प्रामाणिकपणे सांगते. तेवढ्यात जवसाच्या तेलाचा वास आला, ताज्या रंगात असतो तसा. आणि देवीदासभाऊंच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा खाली पडला.

"अरे बाप्पा..."

पोरीच्या नाकावर चमकी होती. पिवळीधमक. ज्वारीच्या दाण्याएवढी.

मी मास्तरीण ना! आधी दोरी ओलांडून काच पुसली, बाहेरून काही चिकटलं असेल म्हणून. लाइट बंद करून पाहिला. मावशीची करंगळी पाहिली — कोरडी, स्वच्छ. दुसरा फोटो काढला, पहिल्याशेजारी ठेवून मोठा केला. पहिल्यात कोरं कापड, दुसऱ्यात चमकी. मधे सात मिनिटं. देवीदासभाऊंनी संग्रहालय सांभाळणाऱ्या मॅडमना ऑफिसातून बोलावलं. त्यांनी तर चित्र उतरवून मागं पाहिलं. चौकट बंद करताना चिकटवलेल्या कागदी पट्टीवर मॅडमनीच केलेली सही जशीच्या तशी, पट्टी कुठं उचकटलेली नाही. बाईंनी त्या पट्टीवरून दोनदा बोट फिरवून पाहिलं.

घाबरायला हवं होतं, नाही का? पण कोणीच घाबरलं नाही. आम्ही हसत सुटलो! मावशीनं चक्क मॅडमचे हात धरून फुगडी घालायला घेतली, मी ओरडले, "मावशी, डोळे! डॉक्टरांनी वाकू नको सांगितलंय!" तर म्हणते, "वाकून कुठं राहिली, फिरून राहिली!" देवीदासभाऊंनी सगळ्यांना चहा आणला. कधी नाही ते मी तीन चमचे साखर घातली.

तिथून तडक सीताबर्डी. सराफानं ट्रे पुढं केला, खड्याच्या, मोत्याच्या, नाना तऱ्हेच्या. मावशीनं माझ्या फोनमधला फोटो त्याला दाखवला, म्हणाली, "अश्शीच पायजे." आणि तश्शी मिळाली. महिनाभरानं डॉक्टरांना विचारून नाक टोचून घेतलं. त्या वयात! 'हूं' सुद्धा केलं नाही. मामांना तिनं व्हिडिओ कॉल लावला आणि नाक पार कॅमेऱ्याला टेकवलं. मामांनी कान धरले हो, खरंच धरले.

त्यानंतर मॅडमचा फोन आला. चित्रं तपासणाऱ्या एका जाणकाराला त्यांनी बाहेरून बोलावलं होतं. त्याचं म्हणणं, पिवळा रंग बाकीच्या चित्राइतकाच जुना आणि टणक वाळलेला. माझे दोन फोटो त्यानं पुन्हापुन्हा मोठे करून पाहिले. आणि भिंगाखाली त्या ठिपक्यात बोटाच्या रेषा दिसतात. करंगळीच्या टोकाच्या. पण फार बारीक, आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या असाव्यात तशा.

मी लगेच मावशीला फोन लावला. मागं मळणीच्या मशीनचा आवाज चालू होता, मला ओरडून सांगावं लागलं.

"मंग?" ती म्हणाली. "नऊ वर्साचीच तं होती मी. म्हातारीचं बोट कसं उमटन?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अन् सही केली का मास्तरनं?" तिनं विचारलं.

"नाही गं. सही नाही दिसली."

"करन. तू काहून घाई करून राहिली? मी साठ वर्सं लावले, त्याले थोडा वेळ दे."

हे कसं झालं, मला माहीत नाही. काच, उजेड, रंग, फोन, जे जे तपासता येईल ते तपासलं, अजून काही सापडलेलं नाही. पाटीवरचा 'अपूर्ण' शब्द मॅडमनी खोडून टाकलाय. आणि मी, एकोणीस वर्षं विज्ञान शिकवणारी बाई, दर रविवारी सकाळी धंतोलीत जाते, दोरीपाशी उभी राहते आणि चित्राचा उजवा खालचा कोपरा पाहून येते. देवीदासभाऊ दारातूनच मान हलवून सांगतात, "अजून नाई, मॅडम." मग आम्ही दोघं चहा पितो.